माद्रिद, प्रादो म्युझियम: वेलाझ्केझ स्पेशल गाईडेड टूर (पाचपैकी साडेतीन)

वेलाझ्केझ म्हणजे सतराव्या शतकातला स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार, त्याच्या चित्रांची ही टूर. आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. टूर घ्यावी का? हो, घ्या, पण चित्रकलेचा क्लास म्हणून नाही, एका दरबारी माणसाच्या नोकरीची गोष्ट म्हणून घ्या. त्या बाबतीत ही टूर खरंच भारी आहे. दीड स्टार का कापला ते पुढे येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे.

पहिली तक्रार तर सुरुवातीलाच. प्रादोच्या समोर वेलाझ्केझचा बसलेला पुतळा आहे, तिथे सगळ्यांना जमवतात आणि त्याचं सेव्हिलमधलं सगळं बालपण तिथेच उभ्याउभ्या उन्हात सांगतात. १५९९ चा जन्म, पाचेको नावाच्या चित्रकाराकडे शिकायला राहिला, १६१८ ला त्याच गुरूच्या मुलीशी, हुआनाशी लग्न, वगैरे वगैरे. माहिती चांगली आहे हो, पण अंडी तळणारी म्हातारी, पाणी विकणारा माणूस ही त्या काळातली गाजलेली चित्रं एडिनबरा आणि लंडनला आहेत, म्हणजे इथे बघायला मिळणारच नाहीत, मग एवढं का ताणायचं? आत १६१९ चं तीन राजांचं चित्र आहे, मेरी आणि बाळ येशूवालं, त्याच्यासमोर उभं करून हेच सांगितलं असतं तर डोळ्यांनाही काम मिळालं असतं. ते चित्र मात्र आम्ही चालता चालता बघितलं.

आत गेल्यावर गाईडबाईंचा सूर एकदम बदलतो. त्यांनी सरळ सांगितलं की मी आज तुम्हाला या माणसाचं सर्व्हिस बुक वाचून दाखवणार आहे. आणि खरंच तसंच केलं. १६२२ ला माद्रिदला पहिली खेप, तेव्हा राजापर्यंत पोचताच आलं नाही. १६२३ ला ओलिवारेसने, म्हणजे राजाचा सर्वेसर्वा मंत्री, त्याने परत बोलावून घेतलं, ऑगस्टमध्ये राजाचं पोर्ट्रेट झालं आणि ऑक्टोबरमध्ये राजाचा चित्रकार म्हणून नेमणूक, महिना वीस डुकाट पगार आणि चित्रांचे पैसे वेगळे. तेव्हा हा चोवीस वर्षांचा आणि राजा, म्हणजे चौथा फिलिप, अठरा वर्षांचा. पुढची जवळजवळ सदतीस वर्षं हे दोघं एकमेकांसमोर! राजा म्हातारा होत गेला आणि हा ते रंगवत गेला, प्रादोमध्ये तरुण फिलिप आणि शेवटीशेवटीचा थकलेला, गाल लोंबलेला फिलिप दोन्ही बघायला मिळतात. माझ्या मते टूरमधला सगळ्यात चांगला भाग हाच, आणि यासाठी कुठल्याही थिअरीची गरज पडत नाही.

तरुण फिलिपचं उभं, काळ्या कपड्यातलं पोर्ट्रेट आहे तिथे जरा जास्त वेळ थांबा. राजा म्हणजे मुकुट, हिरे, मखमल असं काही नाही. काळे कपडे, हातात कागद, गळ्याला साधी ताठ कॉलर. खर्च कमी करायचा म्हणून त्याच काळात मोठ्या झालरीच्या कॉलरींवर दरबाराने बंदी घातली होती, आणि ती बंदी आधी राजाने पाळायची म्हणून ही साधी कॉलर. गाईडबाईंनी पायांकडे बघायला सांगितलं. नीट बघितलं तर आधी रंगवलेल्या पायांची पुसट सावली वरच्या रंगातून डोकावते, म्हणजे आधी राजा जरा पाय फाकवून उभा होता, मग ह्याने ते पाय जवळ आणले आणि सगळी आकृती सडपातळ केली. पुढे घोड्यावरच्या फिलिपच्या चित्रात पण तसंच, घोड्याच्या मागच्या पायांपाशी आधीच्या पायांची भुतं दिसतात. एकदा हे बघायची सवय लागली ना की मग प्रत्येक चित्रात माणूस तेच शोधत बसतो.

मग आला पगाराचा विषय आणि ग्रुपमधले सगळे एकदम जागे झाले. राजाचा लाडका चित्रकार, पण राजवाड्याच्या हिशेबात त्याचा रोजचा भत्ता न्हाव्यांच्या बरोबरीने. पगार थकायचा. १६२७ ला राजाने चार चित्रकारांची स्पर्धा लावली, विषय मोरिस्को लोकांची (म्हणजे ख्रिश्चन केलेल्या मुसलमानांची) स्पेनमधून हकालपट्टी, ती ह्याने जिंकली आणि बक्षीस म्हणून काय मिळालं तर राजवाड्यातली द्वारपालाची जागा! ते चित्र १७३४ च्या आगीत राजवाड्याबरोबर जळून गेलं. आपल्याला हे विचित्र वाटतं पण गाईडबाईंचं म्हणणं असं की त्याला हेच हवं होतं. चित्रकार म्हणजे हाताने काम करणारा कारागीर, त्यापेक्षा राजाच्या घरातला अधिकारी होणं ही वरची पायरी. म्हणून तो एकेक पायरी चढत गेला, १६५२ ला राजवाड्याचा मुख्य व्यवस्थापक झाला, म्हणजे राजा प्रवासाला निघाला की मुक्कामाची सोय, खोल्या, सजावट, सगळं ह्याच्याकडे. आणि मग चित्रं कधी काढणार? आयुष्यभरात मिळून साधारण सव्वाशेच चित्रं त्याची मानली जातात, त्यातली पन्नासच्या आसपास प्रादोमध्येच आहेत. त्याच काळातल्या रुबेन्स या चित्रकाराच्या चित्रांच्या ढिगाशी तुलना केली तर हे काहीच नाही.

राजपुत्र बाल्तासार कार्लोस घोड्यावर आहे त्या चित्रासमोर त्यांनी सगळ्यांना चक्क गुडघे वाकवून खाली बसायला लावलं. समोरून बघितलं तर घोड्याचं पोट पिंपासारखं फुगलेलं दिसतं, चुकलंय की काय असं वाटतं. पण हे चित्र बुएन रेतिरो राजवाड्यात दाराच्या वर लावायला काढलं होतं, लोक खालून बघणार हे धरून. खाली बसलं की पोट जागेवर येतं आणि घोडा खरंच अंगावर उडी मारतोय असं वाटतं. बाकीचे टूरिस्ट आमच्याकडे बघून हसत होते, पण हसू दे.

त्याच राजवाड्यासाठी काढलेलं ब्रेदा या डच शहराच्या शरणागतीचं चित्र घाईत उरकलं याचं वाईट वाटलं. हरलेला सेनापती किल्ली द्यायला वाकतोय आणि जिंकलेला स्पेनचा सेनापती स्पिनोला त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वाकू देत नाहीये, एवढ्या एका हातावर दहा मिनिटं बोलता आलं असतं. उलट दरबारातल्या ठेंगू माणसांची आणि विदूषकांची पोर्ट्रेट्स त्यांनी फार छान दाखवली, कुठेही बिच्चारे-बिच्चारे न करता. हे पण राजवाड्याच्या पगारावरचेच लोक, म्हणजे चित्रकाराचे सहकारीच म्हणा ना. पाब्लो दे वायादोलिदच्या मागे जमीन-भिंत काहीच रंगवलेलं नाही, फक्त पायाशी थोडी सावली, तरी माणूस घट्ट उभा आहे. माने हा फ्रेंच चित्रकार १८६५ ला इथे आला तेव्हा ह्याच चित्राने वेडा झाला होता.

आता लास मेनिनास, म्हणजे वेलाझ्केझचं सगळ्यात गाजलेलं चित्र, छोटी राजकन्या मार्गारिता, तिच्या सख्या आणि कॅनव्हासपाशी तो स्वतः. बारा नंबरच्या खोलीत आहे आणि तिथे गर्दी कायमच. चित्र तीन मीटरपेक्षा उंच असल्यामुळे मागून पण दिसतं, त्यामुळे धक्काबुक्की करायची गरज नाही. इथे गाईडबाई ज्या सुटल्या त्या थांबेचनात. आरसा काय दाखवतो, राजा-राणी नक्की कुठे उभे आहेत, कॅनव्हासवर काय चाललंय, मग पिकासोने १९५७ ला यावरून अठ्ठावन्न चित्रांची मालिका केली, मग ती बार्सिलोनाला कुठे बघायची... अहो पण ती चित्रं इथे नाहीत ना! मागच्या दोन दालनांत घाई केली ती याच्यासाठी का?

पण याच चित्रात त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला पुस्तकात वाचून कधीच कळली नसती. वेलाझ्केझ स्वतः कॅनव्हासमागे उभा आहे, हातात ब्रश आहे तो सगळे बघतात, पण त्याच्या कमरेपाशी बघा, तिथे किल्ली लटकवलेली आहे. राजवाड्याच्या हुद्द्याची किल्ली. आणि मागे उघड्या दारात, पायऱ्यांवर जो माणूस थांबलाय तो होसे निएतो, राणीच्या बाजूचा व्यवस्थापक. म्हणजे राजाचा आणि राणीचा, दोन्ही व्यवस्थापक एकाच चित्रात, आणि मधे पाच वर्षांची मार्गारिता. वेलाझ्केझच्या छातीवरचा लाल क्रॉस सांतियागो या सरदारांच्या मानाच्या पंथाचा, चित्र १६५६ चं आणि मान मिळाला १६५९ ला, त्यामुळे तो नंतर रंगवलाय. तो मान मिळवायला खानदान तपासलं गेलं, शंभराहून जास्त साक्षीदार झाले, आणि सिद्ध काय करायचं तर ह्याने चित्रं विकून पोट भरलेलं नाही, जे केलं ते राजाची सेवा म्हणून केलं! तरी पुरावा पुरला नाही, शेवटी पोपची सूट मागावी लागली.

मोठी तक्रार आता. हुआन दे पारेहाचं नाव पूर्ण टूरमध्ये एकदाही आलं नाही. हा वेलाझ्केझचा गुलाम, त्याच्या स्टुडिओत काम करायचा. दुसऱ्या इटली दौऱ्यात वेलाझ्केझने रोममध्ये त्याचं पोर्ट्रेट काढलं, मार्च १६५० ला ते पँथिऑनमध्ये लोकांसमोर मांडलं, वाहवा झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला मुक्त करायच्या कागदावर सही केली. मी शेवटी विचारलं तर उत्तर आलं की ते पोर्ट्रेट न्यूयॉर्कला आहे म्हणून घेत नाही. बरं, मग पिकासो कसा घेतलात? आणि पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला, १६६१ चं त्याचं संत मॅथ्यूवालं मोठं चित्र प्रादोच्याच संग्रहात आहे, त्यात डाव्या टोकाला तो स्वतः उभा आहे, हातात सही केलेला कागद घेऊन. मालकाच्या नोकरीची एवढी बारीक गोष्ट सांगायची आणि ज्याला ना नोकरी होती ना पगार त्याला गाळायचं, हे पटलं नाही.

शेवट पण गुंडाळला, वेळ संपला म्हणून. १६६० ला थोरल्या राजकन्येचं, मारिया तेरेसाचं, लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी झालं, फ्रान्सच्या सीमेवरच्या फेझंट बेटावरची सगळी सजावट वेलाझ्केझकडे. तो तिथून जूनच्या शेवटी परत आला आणि सहा ऑगस्टला गेला. त्याची बायको हुआना पण आठ दिवसांतच गेली. वर हिशेबात घोळ आहे म्हणून राजवाड्याने त्याच्या मालमत्तेवर टाच आणली, ते प्रकरण काही वर्षं चाललं. सर्व्हिस बुक वाचायचं म्हटलं तर हे पान कसं काय सोडतात?

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी. टूरच्या पैशात म्युझियमचं तिकीट धरलंय का ते आधी विचारा, साधं तिकीट १५ युरो आहे. शेवटचे दोन तास फुकट असतात पण रांग मोठी असते. आत फोटो काढायला बंदी आहे आणि गार्ड खरंच ओरडतात. मोठी सॅक बाहेर ठेवावी लागते. कानात हेडफोन देतात, माझ्याचा आवाज मधेच जायचा, तो सुरुवातीलाच तपासून बदलून घ्या, नंतर कोणी लक्ष देत नाही. लहान मुलांना ही टूर झेपणार नाही. आणि ग्रुप सुटला की लगेच बाहेर पडू नका, तिकीट चालू असतंच, परत ब्रेदाच्या चित्रापाशी जा आणि स्पिनोलाचा तो हात सावकाश बघा.