पट्टी रुंद की तांबं जाड?

मालवणचा भाचा होडीच्या पंपासाठी सर्किट बोर्ड करतोय. त्यावर वीज वाहून नेणारी तांब्याची पातळ पट्टी असते. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर ती पट्टी दुप्पट रुंद करू, की 70 मायक्रॉनचं तांबं घेऊ, यात अडकलाय.

विजेला होणारा रोध दोन्हीकडे निम्माच होतो. पण रुंद पट्टीला उष्णता सोडायला जागा जास्त, म्हणून ती थंड राहते. बोर्ड वाढला नाही तर खर्चही तेवढाच.

मात्र त्याची पट्टी कनेक्टरच्या दोन पायांमधून जाताना चिंचोळी होते. तिथे बोटाला चटका बसतो, पॅडजवळ, म्हणजे सुटा भाग डाखतात त्या जागेजवळ, नुसती कोमट. शिवाय तांब्याचा रोध अंशामागे सुमारे 0.4 टक्के वाढतो, म्हणजे तो गळा आणखीच तापतो. अशा ठिकाणी जाड तांबंच उपयोगी. फक्त पट्ट्यांमधलं अंतर वाढवावं लागतं.

खाऱ्या हवेसाठी वरून लेप दोन्हींना हवाच.

भाच्याने जाड तांबं घ्यावं. बोर्डावर मोकळी जागा असलेल्याने पट्टीच रुंद करावी.