रोटरी इंजिनावरचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन कंट्रोलर: उन्हाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. पेटी, म्हणजे इंजिनात ठिणगी कधी टाकायची ते ठरवणारा हा कंट्रोलर, चांगली आहे, पेटीसोबत आलेलं वायरिंग वाईट आहे आणि माहितीपुस्तिका त्याहून वाईट आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या धंद्यात सगळे छोटे कारखानदार आहेत, आणि मला जे भोगावं लागलं ते यातल्या कुठल्याही पेटीच्या मालकाला भोगावं लागू शकतं.

आमचं विमान कॅनार्ड जातीचं, म्हणजे छोटे पंख पुढे आणि इंजिन-पंखा मागे. सगळं अंग फायबरग्लासचं. राहतो अमेरिकेत, कॅन्ससमधल्या विचिटाजवळ. (पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: घरी बांधलेलं विमान सरकार उडवू देतं? देतं. इथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः शिकण्यासाठी केलं असेल तर एक्सपेरिमेंटल गटात नोंदणी होते. आपल्याकडे अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, ते बहुतेकांना आठवत असेल.) इंजिन माझदा 13बी, दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-7 गाडीतलं. दोन रोटर (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी भाग), प्रत्येकी 654 सीसी. पंख्याच्या आधी 2.85 ला 1 असा गिअरबॉक्स, त्यामुळे इंजिन 6000 आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) ओरडत असतं तेव्हा पंखा जेमतेम 2100 वर फिरतो.

या इंजिनाचं इग्निशन विमानाच्या नेहमीच्या इंजिनासारखं नाही, म्हणून थोडं खोलात जातो. दर रोटरला दोन प्लग: लीडिंग आणि ट्रेलिंग. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्याने एका ठिणगीवर सगळं मिश्रण वेळेत जळत नाही. खरं काम लीडिंग करतो. ट्रेलिंगचं भोक बारीक, तो मागून हातभार लावतो. त्यामुळे उड्डाणाआधी मॅग्नेटो (नेहमीच्या विमान-इंजिनातले बॅटरीशिवाय ठिणगी देणारे जनित्र) तपासावेत तसं एकेक बंद करून पाहिलं, तर ट्रेलिंग बंद केल्यावर आरपीएम किंचित पडतो आणि लीडिंग बंद केल्यावर चांगलाच पडतो. नवखा माणूस हे पाहून घाबरतो. दोन्हीकडे सारखीच घट दिसली तर मात्र खरंच घाबरावं, कारण वायरी उलटसुलट लागल्या असण्याची शक्यता मोठी. माझदाच्या मूळ रचनेत दोन्ही लीडिंग प्लग एकदमच ठिणगी टाकतात, म्हणून त्यांच्या वायरी आपसांत बदलल्या तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. ट्रेलिंगच्या बदलल्या तर इंजिन लगेच तक्रार करतं.

पेटीचं कौतुक आधी. आत दोन चॅनल, दोन वेगळे वीजपुरवठे, पॅनलवर ए आणि बी असा स्विच. कॅन्ससच्या थंडीत स्टार्टर मारताना बॅटरी इतकी वाकते की रेडिओ बंद पडून पुन्हा चालू होतो, पण ही पेटी एकदाही भरकटली नाही. उडताना टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे-मागे करायला बटण आहे. त्याला मी फारसा हात लावत नाही. रोटरीत टायमिंग फाजील पुढे नेऊन डेटोनेशन झालं, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं भडकलं, तर अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटते, आणि तिचा तुकडा जाताना हाउसिंगही (रोटरभोवतीचं कवच) खराब करून जातो.

आता दुखणं. उन्हाळा लागला आणि टेकऑफनंतर चढताना 5200 च्या आसपास इंजिन मिसिंग मारू लागलं. एक झटका, मग ठीक, मग पुन्हा झटका. थ्रॉटल मागे घेतला की गायब. वर जाऊन क्रूझला लागलं की इतकं गुळगुळीत, की मघाशी भास झाला असं वाटावं. पेट्रोलचा संशय सगळ्यात आधी येतो आणि यायलाच हवा. पंप, फिल्टर, दाब सगळं पाहिलं, ठीक निघालं. प्लगही काढले. शिसं असलेलं 100 एलएल पेट्रोल आणि सीलसाठी त्यात मिसळलेलं टू-स्ट्रोक ऑइल या जोडीने प्लग लवकर घाण होतात, आणि घाण प्लगची लक्षणं हुबेहूब बिघडलेल्या कंट्रोलरसारखी असतात. नवे प्लग घातले. फरक शून्य.

इथून पुढे ज्या क्रमाने गेलो तोच क्रम कुणालाही सांगेन. ए वरून बी वर टाकलं, मिसिंग तसंच. म्हणजे दोष दोन्ही चॅनलना सामाईक असलेल्या कशात तरी. मग ईजीटी, म्हणजे एक्झॉस्ट वायूंचं तापमान, पाहिले. एका रोटरचा एकच प्लग गेला असेल तर त्या रोटरचा ईजीटी वाढतो, कारण मिश्रण उशिरा जळतं आणि आग एक्झॉस्टमध्ये पोचते. दोन्ही प्लग गेले तर तो पडतो. आमच्याकडे दोन्ही रोटरचे आकडे एकाच वेळी, किंचित, खाली जात होते. म्हणजे एखादी कॉईल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी गुंडाळी) नाही, चारही ठिणग्या एकदम जात होत्या. तिसरा साक्षीदार टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा. झटक्याच्या वेळी काटा खाली येत असेल तर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या पिकअपकडून येणारे पल्स हरवताहेत: पिकअपचं अंतर वाढलंय किंवा जोड ढिला आहे. आमचा काटा वर उसळत होता. म्हणजे नसलेले पल्स मोजले जात होते.

पिकअप म्हणजे 24 दातांच्या चाकासमोर बसलेली चुंबकीय गुंडाळी. एक जास्तीचा पल्स आला की पेटीची दातांची मोजणी चुकते, आणि मोजणी पुन्हा जुळेपर्यंत ती ठिणगी थांबवते. हे धोरण बरोबरच आहे, भलत्या वेळी ठिणगी पडण्यापेक्षा न पडलेली बरी. पण जास्तीचा पल्स फक्त पूर्ण थ्रॉटललाच का? कारण थ्रॉटल उघडा असताना चेंबरमधला दाब जास्त, दाब जास्त म्हणजे प्लगची फट ओलांडायला व्होल्टेज जास्त, आणि व्होल्टेज जास्त म्हणजे आजूबाजूच्या वायरींत गोंगाटही जास्त. थ्रॉटल कमी केला की गोंगाट उंबरठ्याखाली जातो.

हे लक्षात आल्यावर हवेत जाऊन तपासायची गरज उरली नाही. विमान जमिनीला बांधलं आणि पूर्ण थ्रॉटल दिला. मागे इंजिन असलेल्या विमानाला उभ्या जागी वारा मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी थोडकाच वेळ चालवता येतं. पिकअपच्या तारेवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावल्यावर दातांच्या लाटांवर प्रत्येक ठिणगीचा काटा उभा दिसला. पेटीसोबत आलेल्या तयार हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिकअपच्या तारेची शील्ड, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती, एक टोक इंजिनाला, एक पेटीला. धातूच्या विमानात हे कदाचित खपून जाईल. आमच्याकडे पेटी पुढे पॅनलमागे, इंजिन पाठीमागे आणि मधलं अंग फायबरचं. कॉईलचा परतीचा करंट मिळेल त्या तांब्यातून घरी जाणार, आणि त्यातला काही भाग शील्डमधून जात होता. इंजिनाकडचं टोक तोडलं, कॉईलचे परतीचे जोड जाड पट्टीने थेट ब्लॉकवर घेतले, पिकअपची केबल कॉईलच्या जुडग्यापासून दूर नेली. मिसिंग थांबलं आणि त्यानंतर आलेलं नाही.

पुस्तिकेत शील्डबद्दल एक ओळही नाही. ड्वेलबद्दलही, म्हणजे कॉईल भरायला दिलेल्या वेळेबद्दलही, नाही, आणि ते जास्त गंभीर आहे. 6000 वर एक फेरा 10 मिलिसेकंदांचा. दोन्ही लीडिंग एकदम उडत असतील तर दोन ठिणग्यांमध्ये 5 मिलिसेकंद. कॉईल भरायला त्यातले साडेचार घेतले, आणि पेटीचं मूळ सेटिंग तेवढंच होतं, तर ठिणगी जळायला अर्धाच उरतो आणि कॉईल तव्यासारखी तापते. आम्ही जीएमच्या (जनरल मोटर्स) एलएस इंजिनाच्या कॉईल लावल्यात, त्यांना साडेतीनवर आणलं. हात लावून पाहिलं तरी फरक कळतो.

आणखी एक राग आहे. मोजणी किती वेळा चुकली हे पेटीला आतून माहीत असतं, पण ते ती दाखवत नाही. साधा आकडा दिसला असता तर निम्मं शोधकाम वाचलं असतं. कंपनीला कळवलं, उत्तर नम्र आलं, नव्या हार्नेसमध्ये शील्डचं टोक सोडून देणार म्हणाले. आकड्याबद्दल मौन.

जाहिरातीत "पूर्ण दुहेरी" लिहिलंय त्यावर मात्र विसंबू नये. चॅनल दोन आहेत, पिकअप एकच आहे. मॅग्नेटो नसलेल्या विमानात तो गेला की इंजिन गेलं. दुसऱ्या पिकअपसाठी अल्युमिनियमचा कंस कापून ठेवलाय. वार्षिक तपासणीला काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उतरेल तेव्हा तो बसेल आणि बी चॅनल त्याच्यावर जाईल.