नावातलं एक अक्षर आणि गेलेले 1480 डॉलर

दहावीच्या प्रमाणपत्रावर माझ्या नावातला 'व' डब्ल्यूने लिहिलेला आहे, पासपोर्टवर व्हीने. प्रमाणपत्रावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. शिवाय लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने जे नाव लिहिलं गेलं ते तिसरंच. पासपोर्टवर ते कधी चढलं नाही, पण सासरच्या रेशनकार्डावर आणि बँकेतल्या एका जॉइंट खात्यावर अजूनही आहे. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांचं असंच आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायची वेळ आली की हे सगळे कागद समोर येतात आणि जीव घाबरतो. त्याच घाबरण्यावर एक माणूस पैसे कमावतो. मला त्याने कसं गाठलं ते सांगते.

2024 च्या सप्टेंबरात ग्रीन कार्डाची पाच वर्षं पुरी होत आली होती. ओळखीच्या एका बाईंनी नंबर दिला. "मराठीच आहे, सगळं करून देतो." फोनवर त्याने आधी माझे कागद मागवले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, तुमची केस अवघड आहे. तीन कागद, तीन नावं. ऑफिसरला वाटेल तुम्ही तीन वेगळ्या बायका आहात." त्या रात्री मला झोप लागली नाही. तो स्वतःला इमिग्रेशन कन्सल्टंट म्हणवत होता आणि नोटरीही होता. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकील, हे डोक्यात पक्कं बसलेलं. अमेरिकेत नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतो, त्याला कायद्याचा सल्ला देता येत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्याने स्वतःचे 400 डॉलर घेतले, सरकारी फी म्हणून 1150 घेतले आणि "नाव एक करून आणण्यासाठी" 640. म्हणजे मुंबईहून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना छापून आणायची, असं त्याचं म्हणणं. तीन आठवड्यांत राजपत्राच्या पानाची पीडीएफ आली. त्यात माझी तिन्ही नावं होती. मला इतकं हायसं वाटलं की मी ते पान छापून देवापाशी ठेवलं.

नागरिकत्वाचा एन-400 हा अर्ज त्यानेच ऑनलाइन भरला. खातंही त्यानेच उघडलं, ईमेल त्याचा, टपालाचा पत्ता त्याचा. माझं नाव टाइप करून सहीसुद्धा त्यानेच केली. मी अर्ज वाचला नाही. ही माझी चूक, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. बोटांचे ठसे द्यायची तारीख आलीय, त्याची फी 300 डॉलर, पैसे आले की नोटीस पाठवतो. मुलगी शेजारीच होती. तिने यूएससीआयएसचं, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याचं, संकेतस्थळ उघडलं. 1 एप्रिल 2024 पासून या अर्जाची फी ऑनलाइन भरल्यास 710 डॉलर आणि कागदावर भरल्यास 760. ठशांची फी त्यातच धरलेली आहे, वेगळी घेतच नाहीत. मग 1150 कसले?

मी पावती मागितली. आधी त्याने एक फोटो पाठवला, त्यात खालचा भाग कापलेला. मुलीने हट्टच धरला, तेव्हा दोन दिवसांनी आय-797सी नावाची पूर्ण पावती, ठशांची नोटीस आणि अर्जाची प्रत आली. पावतीवर स्पष्ट छापलं होतं, 710. म्हणजे मी दिलेल्या 2190 पैकी 1480 त्याच्या खिशात.

अर्ज वाचताना मात्र पैशांचं दुःख मागे पडलं. अर्जाच्या सुरुवातीलाच विचारलेलं असतं की जन्मापासून आणखी कोणकोणती नावं वापरली. माहेरचं नाव, दुसरं नाव, सगळं तिथे लिहायचं असतं. आमच्यासारख्या बायकांसाठीच जणू ती जागा ठेवलीय. त्याने ती कोरी सोडली होती. ज्या गोष्टीची भीती घालून माझ्याकडून पैसे घेतले, ती सांगायची जागाच कोरी! अर्ज तयार करून देणाऱ्याची माहिती आणि सही यांचा भागही रिकामा होता. म्हणजे कागदावर तो माणूस कुठेच नव्हता. सगळं मीच भरलं होतं आणि नावं मीच लपवली होती.

मग पुण्याच्या भावाला राजपत्राचा भाग आणि तारीख कळवली. त्याने त्या तारखेचा अंक शोधून त्यातल्या नावबदलाच्या सूचना वाचल्या. माझ्या सूचनेचा जो क्रमांक होता, त्यावर कुणा दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. देवापाशी ठेवलेलं पान खोटं होतं. आणि तो कन्सल्टंट मला सांगून बसला होता, "मुलाखतीला हे घेऊन जा, ऑफिसरच्या हातात द्या."

शेवटी मी एका परवानाधारक वकीलबाईंकडे गेले. फी परवडत नसेल तर अमेरिकेच्या न्याय विभागाने मान्यता दिलेले प्रतिनिधीही असतात, त्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर मिळते. वकीलबाईंनी जी-28, म्हणजे त्या माझ्या वकील असल्याचं कळवणारा फॉर्म, भरून केस हातात घेतली, पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घेतला आणि मला ऐकवलं की राजपत्राची गरज कधीच नव्हती. ग्रीन कार्डावर पासपोर्टप्रमाणे माझं कायदेशीर नाव बरोबर आहे. जुन्या प्रमाणपत्रातला डब्ल्यू हा गुन्हा नाही. कार्डावरच स्पेलिंग चुकलं असेल तर आय-90 हा कार्ड बदलून मागायचा अर्ज भरतात आणि ती चूक यूएससीआयएसची असेल तर त्याची फी लागत नाही. कुणाला नाव खरोखरच बदलायचं असेल तर एन-400 मध्येच तशी मागणी करता येते, मग शपथविधी न्यायालयात होतो. घातक आहे ते वेगळंच. शपथेवर खोटं बोलणं किंवा खोटा कागद देणं, याने अर्ज तर बुडतोच, पण मिळालेलं नागरिकत्वही पुढे काढून घेतलं जाऊ शकतं.

मुलाखतीत ऑफिसरने शपथ दिली आणि अर्ज एकेक ओळ करत वाचायला घेतला. दुसरी नावं विचारल्यावर मी तिन्ही सांगितली. तांदळावरच्या नावाची प्रथा समजावताना माझा आवाज कापत होता. तिने शांतपणे ऐकलं, स्पेलिंग विचारून घेतली आणि दुरुस्त्या नोंदवल्या. शेवटी त्या दुरुस्त्या मान्य असल्याची माझी सही घेतली. ज्यासाठी मी 640 डॉलर देऊन खोटं पान विकत घेतलं होतं, ते पाच मिनिटांत झालं.

ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि आमच्या राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाकडे, तक्रार केली आहे. पैसे आलेले नाहीत. तो माणूस फोन उचलत नाही, पण नंबर चालू आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाशी बोलत असणार. कुणी तुम्हाला "नावाचं मी बघतो" म्हणालं असेल तर आजच त्याच्याकडून अर्जाची पूर्ण प्रत मागा आणि दुसऱ्या नावांची ती जागा उघडून बघा. त्याने आणून दिलेलं राजपत्राचं पान तुमच्याकडे असेल, तर मूळ अंकाशी ताडून पाहिल्याशिवाय ते मुलाखतीला नेऊ नका.