खोबरेल की व्हॅसलीन?

डिसेंबरात नाशिकला पहाटे बाथरूममधली खोबरेलाची बाटली दगड झालेली असते. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, त्यात भेसळ शोधायची गरज नाही. आमच्याकडे बाटली आंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची पद्धत. पाच मिनिटांत धार सुटते.

अंगाला लावायला खोबरेलच बरं. पसरतं छान, त्वचा मऊ पडते, आणि नखाने ओढल्यावर पिंडरीवर उमटणारी पांढरी रेघ जाते. पण दुपारपर्यंत कोरडेपणा परत जाणवतो. शिवाय तोंडावर मुरुमं येत असतील तर तिथे लावू नये, छिद्रं बुजतात.

व्हॅसलीनचं काम वेगळं. 1872 साली पेटंट घेतलेली ही पेट्रोलियम जेली त्वचेला पाणी देत नाही, आत आहे ते उडू देत नाही. म्हणून कोरड्या ठक्क टाचेवर थापून फारसा उपयोग नाही. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचे, अर्धवट टिपायचे, ओलसर टाचांवर जेली चोळायची आणि वर सुती मोजे. माझ्या भेगा आठवडाभरात मिटल्या. फुटलेल्या ओठांनाही हेच, फक्त जीभ फिरवणं थांबवा. अंगभर मात्र नको वाटतं, सगळं चिकट होतं आणि चादरीला लागतं.

स्वस्त दोन्ही. मी अंगाला खोबरेल, टाचा-ओठांना जेली वापरते. भेगांतून रक्त येत असेल तर दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.