ल्युसर्न की इंटरलाकेन? आधी ढगांचा विचार करा

स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये तळ्याकाठच्या गावात चार दिवस राहायचं, इथवर घरातल्या सगळ्यांचं एकमत असतं. मग नकाशा उघडला जातो आणि ल्युसर्न की इंटरलाकेन यावर घोडं अडतं. ओळखीतले निम्मे लोक ‘इंटरलाकेनच, आम्ही तिथंच उतरलो होतो’ म्हणतात, उरलेले ल्युसर्नच्या लाकडी पुलाचे फोटो पाठवतात. मी दोन्हीकडे राहिलोय. पहिल्यांदा आम्ही दोघंच इंटरलाकेनला, आणि काही वर्षांनी आई-बाबा व दहा वर्षांच्या लेकीला घेऊन ल्युसर्नला. त्यावरून माझं मत असं झालंय की हा निवाडा शिखरांच्या उंचीवर किंवा हॉटेलच्या भाड्यावर करू नये. ‘ढग आले तर आपण दिवसभर काय करणार?’ एवढंच घरात विचारावं.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. इंटरलाकेन तळ्याकाठी नाही. नावाचा अर्थच मुळी ‘तळ्यांच्या मधलं’, लॅटिनमधून आलेला. पश्चिमेला थून सरोवर, पूर्वेला ब्रिएन्झ सरोवर, मध्ये सपाट जमिनीचा पट्टा आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाणारी आरे नदी. गावाच्या मुख्य रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्हींपैकी एकही तळं दिसत नाही. दिसते ती समोर युंगफ्राउ, ४,१५८ मीटर, पांढरीशुभ्र, आणि तीही आभाळ मोकळं असेल तर. दोन्ही तळी एका नजरेत पाहायची असतील तर दोरानं ओढल्या जाणाऱ्या रेल्वेनं दहा मिनिटांत हार्डर कुल्मला चढावं लागतं.

मुख्य रस्त्याला लागून होहेमाट नावाचं प्रचंड हिरवं मैदान आहे, सुमारे ३५ एकरांचं. १८६४ साली इथल्या हॉटेलवाल्यांनी आणि काही नागरिकांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं, ते त्यावर काहीही न बांधण्यासाठी. बांधकाम झालं असतं तर युंगफ्राउचा देखावा झाकला गेला असता, आणि देखावा गेला की गिऱ्हाईक गेलं. धंद्यातला हा हिशेब दीडशे वर्षांनंतरही चालतोय. आज त्या गवतावर दर पाच-दहा मिनिटांनी एखादा पॅराग्लायडर उतरतो आणि बाकांवर बसलेली माणसं टाळ्या वाजवतात.

ल्युसर्नमध्ये याच्या उलट. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलं की रस्ता, आणि रस्त्यापलीकडे थेट बोटीचे धक्के. बॅग ओढत शंभर पावलं चाललात की पाणी. डावीकडे चौदाव्या शतकातला लाकडी पूल, कपेल ब्रूक, तिरका तिरका नदी ओलांडतो. १९९३च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली, छताखालची बरीचशी त्रिकोणी चित्रं जळाली, काही चौकटी आजही रिकाम्या किंवा काळ्याठिक्कर आहेत. मला तो नव्यानं बांधलेल्या भागापेक्षा त्या काळ्या चौकटींमुळे जास्त लक्षात राहिला.

पाणी पाहायचं असेल तर

तळ्याचा रंग हा एकमेव निकष असेल, तर ब्रिएन्झला तोड नाही. बर्फाची नदी सरकताना खालचा खडक दळत जाते, त्या दगडाचं बारीक पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येतं आणि तळाशी न बसता तरंगत राहतं. त्यामुळे ऊन पडलं की पाणी मोरपिशी दिसतं. फोटोत कुणी रंग चढवलाय असं वाटतं, पण नाही. इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनाच्या मागून निघणारी बोट सव्वा तासात ब्रिएन्झ गावी पोचते. वाटेत गीसबाखचा धबधबा जंगलातून पायऱ्या पायऱ्यांनी खाली येताना दिसतो. वाटेतच इझेल्टवाल्ड आहे. एका कोरियन मालिकेमुळे तिथल्या छोट्याशा धक्क्यावर फोटोसाठी इतकी झुंबड उडाली की आता फिरतं फाटक बसवून माणशी पाच फ्रँक घेतात. मी बोटीतूनच पाहिला, फुकट.

तरीही ‘तळ्यावर दिवस घालवणं’ म्हणाल तर माझं माप ल्युसर्नकडे झुकतं. तिथलं सरोवर सरळसोट नाही. त्याला चहूकडे फाटे फुटलेत, फ्योर्डसारख्या चिंचोळ्या खाडीत वळतात, आणि बोट प्रत्येक वळणाला नवा डोंगर समोर आणते. या सरोवरावर अजून पाच जुन्या वाफेच्या बोटी चालतात. सर्वांत जुनी ‘उरी’ १९०१ची, सर्वांत नवी ‘श्टाट ल्युसर्न’ १९२८ची. बाजूला फिरणारी मोठाली चाकं, आणि डेकच्या मध्यभागी कठड्यातून खाली वाकून बघितलं की पितळी भागांसकट अख्खं इंजिन डोळ्यांसमोर हलताना दिसतं. आमचे बाबा आयुष्यभर कारखान्यात काम केलेले. ते तासभर त्या कठड्याला चिकटून उभे होते आणि डोंगर बघायला या म्हटलं तर ‘तुम्ही बघा’ म्हणाले. (थून आणि ब्रिएन्झ सरोवरांवरही एकेक वाफेची बोट आहे, पण ल्युसर्नसारखा ताफा नाही.)

यातला हिशेबाचा भाग असा. ल्युसर्नहून बोटीनं तासाभरात फिट्झनाउ, तिथून दातेरी रुळांच्या गाडीनं अर्ध्या तासात रिगी कुल्म, साधारण १,८०० मीटर. युरोपातली ही पहिली डोंगरी दातेरी रेल्वे, १८७१ची. आणि स्विस ट्रॅव्हल पास (देशभरच्या गाड्या-बोटींना चालणारा पर्यटकांचा पास) असेल तर बोट, गाडी, सगळं त्यातच बसतं. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, पण ती या अख्ख्या दिवसात जेमतेम अर्धा किलोमीटर चालली असेल.

शिखरं पाहायची असतील तर

इथे इंटरलाकेनला तोड नाही. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ हे त्रिकूट, लाउटरब्रुनेनची उभ्या कड्यांची दरी आणि त्यात जवळपास तीनशे मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख, ग्रिंडेलवाल्डच्या कुरणांतली लाकडी घरं. आल्प्स म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते सगळं तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांत ते बसवण्यात यश चोप्रांचा मोठा हात. २०१६ मध्ये इंटरलाकेनच्या कुरसाल या करमणूक-भवनाच्या बागेत त्यांचा पुतळाच बसवलाय.

युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. आयगरच्या पोटातून बोगदा खोदून १९१२ साली रेल्वे तिथवर नेली. आता ग्रिंडेलवाल्डहून पाळण्यानं (केबल कारनं) पंधरा मिनिटांत आयगरच्या पायथ्याशी आणि पुढे गाडीनं वर, असं इंटरलाकेनहून सुमारे दीड तासात पोचता येतं. तिकीट मात्र पोटात गोळा आणणारं आहे. हंगामात माणशी दोनशे फ्रँकच्या वर, आणि एक फ्रँक आपल्या शंभर रुपयांहून महाग. स्विस पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, पुढच्या टप्प्याला फक्त सवलत मिळते.

आणि एवढं मोजून वर गेल्यावर ढग असतील, तर खिडकीबाहेर पांढरा पडदा दिसतो. इंटरलाकेनमधलं आमचं नेमकं हेच झालं. तीन रात्री घेतल्या होत्या. रोज सकाळी हॉटेलच्या टीव्हीवर शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र लावायचं आणि रोज तेच, धुपासारखं पांढरं. तिसऱ्या रात्री पाऊस थांबला. चौथ्या दिवशी सकाळी आभाळ लख्ख, युंगफ्राउ हात लावावा इतकी जवळ, आणि आमच्या बॅगा दारात. तेव्हापासून मी लोकांना सांगतो की इंटरलाकेनला चारपेक्षा कमी रात्री घेऊ नका, आणि वरचं तिकीट आधीपासून ठरावीक दिवसाचं काढून ठेवू नका. सकाळी कॅमेरा बघा, मग निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गाडीनं गेलेलं बरं.

ल्युसर्नचे डोंगर बुटके आहेत, हे मान्य. पिलाटुस २,१०० मीटरच्या वर थोडा. त्याची दातेरी रेल्वे मात्र जगातली सर्वांत चढाची, ४८ टक्के, १८८९ची. (ती साधारण मे ते नोव्हेंबर चालते, एरवी पाळण्यानं जायचं.) मुलांना ‘फक्त बर्फात खेळायचंय’ असं असेल तर ल्युसर्नहून पाऊण तासात एंगेलबर्ग आणि तिथून गोल फिरणाऱ्या पाळण्यानं टिटलिस, ३,०२० मीटर. बर्फ तोच, खर्च युंगफ्राउयोखच्या निम्म्याच्या आसपास, आणि पिलाटुस-टिटलिस दोन्हींवर पासधारकांना निम्मं तिकीट. आयगरची ती उभी कातळभिंत मात्र तिथं नाही. ज्याला ती बघायचीच आहे त्याला टिटलिस दाखवून गप्प बसवता येणार नाही.

आई-बाबा बरोबर असतील तर आणखी एक गोष्ट. साडेतीन हजार मीटरवर तास-दीड तासात पोचल्यावर दम लागतो, डोकं जड होतं. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आम्ही आईला रिगीवरच थांबवलं आणि तिला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही.

पाऊस लागला तर

ल्युसर्न हे मुळात शहर आहे, त्यामुळे पावसाचा दिवस वाया जात नाही. वाहतूक संग्रहालयात आमची लेक सकाळी दहाला शिरली ती संध्याकाळी बाहेर काढावी लागली; आगगाड्यांची इंजिनं, विमानं, सगळ्यांत आत शिरता येतं. कड्यात कोरलेला मरणोन्मुख सिंह छत्री धरूनही बघता येतो, पॅरिसमध्ये १७९२ साली मारल्या गेलेल्या स्विस शिपायांचं ते स्मारक आहे. आणि काहीच नाही तर बोट. ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरलेले असताना ते तळं जास्तच देखणं दिसतं, असं आईचं म्हणणं.

इंटरलाकेनचा पाऊस कंटाळवाणा असतो. घड्याळांची दुकानं किती वेळ बघणार? पण एक जागा अशी आहे की पाऊस असो-नसो फरक पडत नाही, ती म्हणजे लाउटरब्रुनेनजवळचे ट्रुमेलबाख धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ यांच्या बर्फाचं पाणी डोंगराच्या पोटातून सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत खाली आदळतं आणि आपण खडकातल्या लिफ्टनं वर जाऊन कातळातल्या वाटांनी ते जवळून पाहतो. जमीन थरथरते. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, आणि हिवाळ्यात बंद असतं. तीन दिवसांच्या पावसात आमचे पैसे वसूल झाले ते तिथेच.

आपण बहुतेक जण मे महिन्यात जातो, शाळांना सुट्टी म्हणून. त्या वेळी वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो, शिनिगे प्लाटे आणि ब्रिएन्झर रोटहॉर्न यांच्या छोट्या गाड्या सहसा जूनपर्यंत सुरू झालेल्या नसतात, म्हणजे इंटरलाकेनच्या यादीतल्या दोन चांगल्या गोष्टी कमी होतात. धबधबे मात्र बर्फ वितळल्यामुळे फुगलेले असतात. तळ्यात डुंबायचं स्वप्न जुलै-ऑगस्टसाठी ठेवा.

खाण्यापिण्याबाबत फार काथ्याकूट नको. भारतीय जेवण इंटरलाकेनला सहज मिळतं, अगदी युंगफ्राउयोखवरसुद्धा. ल्युसर्नला थोडं शोधावं लागतं. दोन्हीकडे कोप आणि मिग्रो ही किराणा दुकानं आहेत, रविवारी ती बहुतेक बंद असतात, पण स्टेशनातली उघडी मिळतात. नळाचं आणि चौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. बटाट्याचा रोश्टी मागताना त्यात मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारून घ्या.

मुक्कामाची जागा निवडताना इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत हे विसरू नका. डोंगरात जाणाऱ्या गाड्या आणि ब्रिएन्झची बोट ओस्टहून, थूनची बोट वेस्टहून. मध्ये दोनेक किलोमीटरचं अंतर. डोंगरांसाठीच आलात तर ओस्टजवळ राहा. आणि ‘तळं खिडकीतून दिसलंच पाहिजे’ असा हट्ट असेल तर खुद्द इंटरलाकेनऐवजी बसच्या अंतरावरचं ब्योनिगेन किंवा गाडीनं वीस मिनिटांवरचं श्पीत्स बघा. ल्युसर्नच्या बाजूला तोच हट्ट वेगिस किंवा फिट्झनाउमध्ये पुरतो. विमानतळापासूनच्या अंतराचाही विचार करा: झुरिकहून ल्युसर्न तास-सव्वा तास, इंटरलाकेन सव्वादोन तासांच्या आसपास. आदल्या रात्रीच्या विमानप्रवासानंतर हा एक तास जड जातो.

म्हणून, तीन रात्री आणि बरोबर वडीलधारी असतील तर मी डोळे मिटून ल्युसर्न सांगेन. चार-पाच रात्री, पायांत जोर, आणि एखादा दिवस ढगांना देण्याची तयारी असेल तर इंटरलाकेन. सहा रात्री मिळत असतील तर आधी ल्युसर्न, मग इंटरलाकेन, म्हणजे उंचीही हळूहळू वाढते. एका ठिकाणी राहून दुसरं ‘दिवसाभरात उरकू’ म्हणू नका; ल्युसर्नहून युंगफ्राउयोख म्हणजे जाऊन-येऊन सात तास गाडीत.

या दोन गावांमधली ब्रुनिग खिंडीची गाडी पावणेदोन-दोन तास घेते, पास चालतो. ल्युसर्नहून निघताना उजवीकडची खिडकी पकडा. आधी सार्नेनचं तळं, मग लुंगेर्नचं. माइरिंगेनला गाडी दिशा बदलते आणि उलटी निघते, तेव्हा डबाभर लोक जागा बदलायला उठतात. तुम्ही उठू नका. तीच खिडकी आता डावीकडची झालेली असते, आणि ब्रिएन्झचं मोरपिशी पाणी त्याच बाजूला येतं.