जुन्या ट्रकचा पत्रा: वरून ठिगळ की कापून जोड?
वणी-हिंगणघाटकडे जुना ट्रक बघायला गेलात, तर केबिनच्या पायरीपाशी दोनपैकी एक काम दिसेल: गंजलेल्या पत्र्यावरच ठिगळ ठेवून मारलेले वेल्डिंगचे टाके, नाहीतर गंज कापून काठाला काठ जोडलेला. ठिगळ स्वस्त पडतं, पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं अन् गंज आतून चालूच राहतो. जोडाला मजुरी जास्त.

ओळखायचं कसं? चकचकीत रंगावर जाऊ नका. चुंबक फिरवा, पकड ढिली पडली, तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जाड भरलीय. मग आतून बघा. वेल्डिंग आरपार भिनलेल्या जोडाची रेघ मागेही उमटते. ठिगळाआड कुजका काठ तसाच असतो. मागच्या फाळक्याला (हौद्याच्या झडपेला) ठिगळ चालेल, आत भरलेल्या कापसाला काय फरक पडतो! केबिन चेसिसवर (ट्रकच्या खालच्या सांगाड्यावर) बसते तिथे मात्र मी जोडच मागेन.