कुस्ती, ज्युदो आणि कराटे: तिन्हींसाठी एकच 40 मिलिमीटरची मॅट घ्यावी का?

सकाळी कुस्ती, संध्याकाळी कराटे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ज्युदो. पोरं तीच, हॉलही तोच. गावच्या व्यायामशाळेला तीन वेगळ्या मॅट परवडत नाहीत. म्हणून लाल-निळ्या, कडेच्या दात्यांनी एकमेकींत अडकणाऱ्या, एक बाय एक मीटरच्या ईव्हीए फोमच्या मॅट घेतल्या जातात. दुकानदार 20, 25, 30 आणि 40 मिलिमीटर दाखवतो. आमचं स्पष्ट मत: 40 च घ्या.

कारण पडणं. कराटेला 20-25 मिलिमीटर पुरते, पण त्याच मॅटवर ज्युदोचा सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून फेकण्याचा डाव, किंवा आपला धोबीपछाड मारला की खालच्या पोराच्या खांद्याला थेट काँक्रीट लागतं. उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, पक्कं नसलेल्या नव्या पोरांना तर 40 सुद्धा जेमतेम. कुस्तीची स्पर्धेची मॅट साधारण 60 मिलिमीटरची असते, हे लक्षात ठेवा.

40 चा तोटा कराटेवाल्यांना सोसावा लागतो. नरम मॅटमध्ये टेकलेला पाय रुततो. गोल लाथ मारताना कंबर फिरते, पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. म्हणून फोम कडक घ्या, आणि लाथांचा जोरदार सराव मॅटबाहेर, साध्या फरशीवर अनवाणी करवा. कुस्तीत पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला खाली घुसताना, गुडघा घासून साल निघते. तांदळाच्या दाण्यासारखी नक्षी असलेल्या मॅटवर जास्तच. नी-कॅप लागतेच.

घेताना वजनकाटा सोबत न्या. एक मीटरचा 40 मिलिमीटरचा तुकडा चार किलो भरला तर घनता घनमीटरला 100 किलो येते, तो चालेल. अडीच किलोच भरला तर घनता 60 च्या आसपास. असा माल लवकर दबतो आणि पुन्हा वर येत नाही. भाव नगावर नाही, किलोवर काढून पाहा, स्वस्त-महाग तिथंच कळतं. अंगठा जोरात दाबून सोडा, खड्डा लगेच भरला पाहिजे.

खरा घोळ बसवण्यात होतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरच्या हॉलची फरशी वर-खाली होते. अशा फरशीवर दाते उचकटतात. आधी भेगा आणि खड्डे सिमेंटनं भरून घ्या, मग जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे ओल वर येणार नाही. मॅट सरकू नये म्हणून चारही बाजूंनी चौकट हवी. लाकडाला वाळवी लागते, म्हणून 35 मिलिमीटरचा लोखंडी अँगल बरा. त्याची कड मॅटच्या वरच्या पातळीपेक्षा खाली राहते, पायाला लागत नाही.

पत्र्याखालची उष्णता हा दुसरा मुद्दा. ईव्हीए तापल्यावर वाढतो. आठ मीटरची रांग डिसेंबरात चौकटीत घट्ट बसवली की मे महिन्यात मधोमध फुगते, कारण ती तीन-चार सेंटिमीटर वाढलेली असते. हिवाळ्यात बसवत असाल तर तेवढी जागा कडेला सोडा आणि फोमच्या पट्टीनं भरा. उन्हाळा लागला की पट्टी काढा. ही फट मध्ये कुठंही येता कामा नये. ज्युदोत पाय झाडताना अंगठा फटीत अडकला की बोट मोडतं.

मातीच्या आखाड्यातून थेट मॅटवर येऊ देऊ नका. अंगावर तेल आणि लाल माती असते, मॅट निसरडी होते. हातपाय धुऊन, कपडे बदलूनच यायचं. गजकर्ण पसरतो तो अशाच सामायिक मॅटवरून. रोज झाडून झाल्यावर लिटरभर पाण्यात 15-20 मिलिलिटर साधं ब्लीच टाकून पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. ज्याच्या अंगावर चट्टा आहे त्याला मॅटवर घेऊ नका, तो कितीही चांगला पैलवान असो.

पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी तुकडे उचलून खालची बाजू वाळवा, पण उन्हात नको, कडा वाकतात. ठेवताना आडव्या थप्पीत ठेवा; उभ्या ठेवल्या की वाकतात. घेतानाच त्याच लॉटचे चार-पाच तुकडे जास्तीचे घ्या. वर्षभरानं आणलेल्या तुकड्यांचे दाते जुन्यांत बसतीलच असं नाही.